टाकीत हवा जाईना

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. विमानाची पूजा! रिटायर झाल्यापासून बाळकाका वागळे इस्टेटमधल्या या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान जोडतायत. मी कॉलेज सोडल्यापासून इथेच. त्यांची मुलगी संचिता झेंडू घेऊन आलेली. पान्यांना, पंखांना, चाकांना, सगळ्याला हळदकुंकू. मला म्हणाली, "रघु, सरक ना, तुझी सावली पडतेय."
सरकलो. दिवसभरात तेवढंच बोलली.

२ ऑक्टोबर
दसरा. तिच्यासाठी आपट्याचं पान खिशात ठेवलेलं. आलीच नाही. चुरा झाला.

४ ऑक्टोबर
पेट्रोलची टेस्ट. विमानाचं नाक वर करून बांधलं, चढताना असतं तसं. कार्बोरेटरची नळी सोडून मापाच्या डब्यात धरली. इंजिनाला लागतं त्याच्या दीडपट पडत राहायला हवं. आधी मस्त धार! मग बारीक. मग थेंब थेंब.
"ही पास झाल्याशिवाय विमान शेडबाहेर जाणार नाही," बाळकाका.
नळ्या विनीतने टाकलेल्या, शेडमधला एकटा डिग्रीवाला. चढलो त्याच्यावर — "वाकडी टाकलीस! डिग्री काय चाटायचीये?" तो हात पुसत म्हणाला, "तुझ्याकडे तीपण नाहीये." पाना फेकला मी. भिंतीवर. तो बॅग उचलून गेला.

५ ऑक्टोबर
विनीत नाही. एकट्याने नळ्या काढून परत टाकल्या. फिल्टर नवा. परत थेंब थेंब.
संचिता बाबांचा डबा घेऊन आली. "आजपण नाही झाली?" नाही म्हटलं, तर चेहरा किती खुलला तिचा! थांबली, चहासुद्धा केला माझ्यासाठी.
टेस्ट पास झाली की विमान धुळ्याकडे धावपट्टीवर जाणार. शेड बंद. मग ती कशाला येईल इकडे? तिलाही तेच वाटत असेल का?
नापासच होऊ दे!

६ ऑक्टोबर
आई — "विमान जोडतोस, घरातला पंखा कधीपासून बंद पडलाय तो बघ." कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांचे नोकरीचे फोटो. ग्रुप सोडला. कोणी विचारलं नाही का सोडला म्हणून.

८ ऑक्टोबर
सापडलं!! टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली. म्हणजे टाकीला श्वासच घेता येत नव्हता. पंखाखाली हवेची बारीक नळी आहे, तिच्यात तार घातली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी, वाळून दगड झालेलं.
पूजा करताना गेलं असणार. वेडी!
तसंच ठेवणार होतो. खरंच. पण बाळकाका स्टुलावर बसलेले, पंखावर हात ठेवून. "माझ्याच्याने नाही होत रे आता. विकून टाकतो."
काढलं सगळं.

९ ऑक्टोबर
पास! धार तुटलीच नाही. बाळकाका नाचले अक्षरशः, मला मिठी मारली. काय होतं विचारलं. "कुंभारीण माशीने माती भरलेली," म्हटलं. तिचं नाव येऊ दिलं नाही.
विनीतला सॉरी म्हणायला फोन केला. उचलला नाही.

११ ऑक्टोबर
उद्या ट्रेलर येणार. शेड झाडली. संचिता दोन दिवस फिरकली नाही. डबा बाळकाकाच घेऊन येतात. तिला कळेल का कधी, मी तिच्यासाठी खोटं बोललो ते?

१२ ऑक्टोबर
सकाळी संचिता वर्तकनगरला आली, आमच्या बिल्डिंगखाली! धावत उतरलो.
"कुंभारीण काय? मीच भरलेलं ते, काडीने ठासून. गणपतीत बाबांना अ‍ॅटॅक येऊन गेलाय. डॉक्टर उडायला नको म्हणाले, ते ऐकत नाहीत. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीये मला. टेस्ट झाली नसती तर उडले नसते रे!"
फोन वाजतोय. बाळकाका. ट्रेलर आलाय, विमान चढवायला मी हवाय.