योगराजचा फोन का तुटतो

रविवार, ६ जुलै २०२५
योगराजचा फोन चार मिनिटांत तुटला. दोन वर्षं दर रविवारी हेच. पोरगा बोलायला तयार आहे, बंगळुरूची लाइनच खराब. यांची ट्रेनिंगची वही काढली. हे टेलिफोन एक्स्चेंजात होते. गेल्यावर सगळी रद्दी दिली, वही देववली नाही. आता मीच शिकून घेणार. उद्दिष्ट: दहा मिनिटं.

मंगळवार, ८ जुलै
वहीत लिहिलंय: आवाज, व्हिडिओ, डेटा, सगळ्यांचे सारखे बारीक तुकडे करून एकाच तारेतून सोडायचे. तुकडा त्रेपन्न बाइटचा. पाच पत्त्याला, अठ्ठेचाळीस मजकुराला. डेटा थांबला तरी चालतो, आवाज थांबता कामा नये. सोपं आहे. पद्धत जुनी असेल, तत्त्व तेच. समासात यांच्याच अक्षरात: घरी टमाटर नेणे. 

रविवार, १३ जुलै
मी लांबलचक बोलते, म्हणून तुटतं. आज बारीक तुकडे केले, प्रत्येकाला पत्ता लावला. योगराज, मी आई. जेवलास? योगराज, मी आई. पाऊस आहे? तो म्हणाला, आई, अशी काऊन बोलून राहिली? बीपी चेक कर.
तीन मिनिटं. माझ्या काळजीमुळे त्याची घाई झाली असेल.

रविवार, २० जुलै
दोष सापडला. शेजारची रुख्मा माझ्याच वायफायवर सिरियल पाहते. व्हिडिओ आवाजाच्या आड येतो. फोनच्या वेळी बंद ठेव म्हटलं. म्हणाली, तुह्या पोराचा आवाज माह्या टीव्हीत अडकते का वो? पण बंद केली, वर माझ्याकडेच येऊन बसली.
साडेतीन मिनिटं. फोन तुटल्यावर मात्र रुख्माने एकही टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, २५ जुलै
केबलवाला इंद्रकुमार नवा राउटर लावून गेला. थेट फायबर. म्हणाला, माताजी, इससे बढ़िया लाइन पूरे कुडवा में नहीं. त्याला तुकड्यांचं सगळं समजावलं. हो हो म्हणत चहा प्यायला. आता दहा काय, वीस मिनिटं.

रविवार, २७ जुलै, सकाळी अकरा
लाइन अगदी स्वच्छ. त्यांच्या घरचा पंखा ऐकू आला, कुकरची शिट्टी, नातीचं गाणं. दुसऱ्याच मिनिटाला योगराज बाजूला वळून सुनेला हळूच म्हणाला, दिव्या, थांब एक मिनिट, नेटवर्क नाही म्हणून ठेवतो. मग मला मोठ्याने, आई, आवाज कटून राहिला!
मी म्हटलं, हो रे बाबा, इकडंही काई ऐकू नाही येत. ठेव तू.