मोगरीच्या पोटातले जंतू

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

दिनानाथभावोजींनी ट्रकमधून अर्धी गोणी मका उतरवला. न्हावा शेव्याच्या गोदामात गोणी फाटली होती म्हणे. "वैनी, मोगरीला घाल. माझी म्हैस तीन महिने खाते, बघ कशी टुणटुणीत हाय!" गोणीवरची अक्षरं वाचता येईनात. इंग्रजीसुद्धा नव्हती! पण चालून आलेलं धान्य नाही कशाला म्हणा. गाईला ओंजळभर घातला.

सोमवार, १५ सप्टेंबर

अविधवा नवमी. सासूबाई अहेवपणी गेल्या, म्हणून आजचं पान त्यांचं. आळीत आता गाय एकट्या आमच्याकडे. सगळी घरं गोग्रास घेऊन आमच्याच दारी! वेणूबाई वडे-खीर घेऊन आली. म्हणते, "तुझ्या मोगरीनं तोंड लावलं की आमची म्हातारी जेवली समज." आपल्याकडे पातेलंभर भात उरला. टाकायचा कसा? तोही तिलाच. मोगरीने एकालाही नाही म्हटलं नाही. फार बरं वाटलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मोगरी उठत नाही. रवंथ बंद. शेण पातळ, करडं, फेसाळ — आंबूस वास. देवापुढे सारवायला ते घ्यावंसं वाटेना.

तेजस्वीचा पनवेलहून, कॉलेजातून फोन. "आई, परदेशी मका? जीएम असणार! बियाण्यातच फेरफार केलेला असतो. पोटातले बॅक्टेरिया मारतो, मी व्हिडिओ पाहिलाय." म्हटलं, जंतू मेले तर बरंच की! तर ओरडली — "अगं, तेच तर चारा पचवतात!" पोरीला मी जन्मभर जंतू म्हणून हात धुवायला लावले. आता चांगले कुठले नि वाईट कुठले?

संध्याकाळी भावोजी आले. त्यांना बोलले. नको ते बोलले. "गाईला विष आणून दिलंत." ते चहा तसाच ठेवून निघाले. यांनी ना त्यांना थांबवलं, ना मला.

बुधवार, १७ सप्टेंबर

एकादशी. साबुदाणा भिजवायचाही राहिला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर नूतन आल्या. तेजस्वीहून चार वर्षांनी मोठी असेल पोर. मोगरीच्या कुशीवर मूठ दाबून बसली. "पोट थांबलंय हिचं." सोडा पाण्यातून पाजला. म्हणाली, "आतले कामाचे जंतू मेलेत. उद्या निरोगी जनावराचे आणून घालू. तरी वाचेलच असं सांगत नाही."

म्हणजे तेजस्वीचं खरं! उरलेला मका खाडीत ओतला. धान्य फेकायची माझी पहिलीच वेळ. आई एकविरे, गाय वाचव.

गुरुवार, १८ सप्टेंबर

डॉक्टरांनी चार गोठे पाहिले आणि पसंत केली ती भावोजींची म्हैस! मी म्हटलं, "अहो, ती तर तोच मका खाते!" "खाऊ दे की. हळूहळू सवय लागलीय तिला. रवंथ बघा." म्हशीच्या तोंडात हात घालून चघळलेला हिरवा गोळा काढला. भावोजी म्हशीचं डोकं धरून होते. माझ्याकडे बघितलं नाही, की आमच्या गोठ्यापर्यंत आले नाहीत.

गोळा कोमट पाण्यात कालवला, गाळला. गाईच्या मुखात म्हशीचं उष्टं! एकविरेचं नाव घेत बाटली मीच धरली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "सोमवारी काय काय खाल्लं हिनं?" सांगत गेले — सात घरची पानं, वडे, खीर, पातेलंभर भात. त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, मका जीएम आहे का, ते गोणी बघून कळत नाही. त्यानं पोटातल्या जंतूंना काही होतं का, ते अजून तपासतायत. बऱ्याच चाचण्यांत फारसा फरक दिसलेला नाही. पण एवढा भात एकदम पोटात आंबला, तर कुठलीही गाय बसेल."

गोग्रासाने? हे कसं? पितरांचं अन्न गाईला बाधेल? डॉक्टर चुकत असेल. शिकलेली असली तरी पोरच.

की मी?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

अजून बसूनच आहे. पण कान हलवले.

शनिवार, २० सप्टेंबर

पहाटे रवंथ केला! तिच्या जबड्याकडे बघत किती वेळ बसले, चुलीवर दूध उतू गेलं.

डॉक्टर काय म्हणाल्या ते घरात सांगितलेलं नाही. यांनाही नाही. आळीत मक्याचंच नाव झालंय. वेणूबाई तर म्हणाली, "दिन्याचा हात तुझ्या गोठ्याला लावू नको." मी शेण भरत राहिले. उद्या सर्वपित्री — परत सगळी पानं येणार. पितरांचा घास दारातून परत पाठवू? आणि कारण काय सांगू?

रविवार, २१ सप्टेंबर

पहिलं पान आलं भावोजींच्या घरचं. धाकटी जाऊ कल्पिता दारातच थांबली — "ताई, आमच्याकडचं चालंल ना?" वेणूबाई मागेच होती. सगळ्यांदेखत म्हटलं, "मका नव्हता गं. मीच भात चारून गाय पाडली." पान घेतलं आणि उंबऱ्यात बसून स्वतःच जेवले. पितरांना पोचलं का — कोणाला विचारू?