सहा मिलिलीटरची रेषा

९ मार्च, सोमवार

सूनबाईंनी आज मेंदूच्या डॉक्टरांना हिच्या आजाराचा जो वृत्तांत सांगितला, तो चुकीचा आहे. आकडी एकदा नव्हे, दोनदा आली — शुक्रवारी आणि रविवारी. 'पाच मिनिटं तरी' नव्हे; घड्याळाने दीड मिनिट! मी तेथल्या तेथे दुरुस्ती केली. त्या म्हणाल्या, "बाबा, मी घड्याळ नव्हते बघत. आईंना सावरत होते."

दोन तारखेला नवी बाटली उघडली, तेव्हापासून औषधाचे माप मी स्वतःकडे घेतले आहे. सूनबाई बाटली खळाखळा हलवीत आणि फेसासकट ओतीत. फेसाचे माप ते कसले माप! मी बाटली मुळीच हलवीत नाही. मापाचे झाकण डोळ्यांच्या पातळीवर धरून सहा मिलिलीटर, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांना एवढेच सांगितले — रेषेला रेषा.

आकड्या हे त्या जुन्या निष्काळजीपणाचे फळ, असे माझे मत.

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरांचे म्हणणे विसरण्यापूर्वी लिहून ठेवतो. मेंदूतील पेशीच्या भिंतीला सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले की पेशी संदेश सोडते. आकडीत काही पेशी थांबेनाशा होतात. दार मिटते न मिटते तोच पुन्हा उघडते, आणि शेजारच्या पेशीही त्याच नादी लागतात. औषध ते मिटलेले दार क्षणभर अधिक धरून ठेवते. शांतपणे काम करणाऱ्या पेशीच्या वाटेला ते फारसे जात नाही.

हिला समजावून सांगितले. म्हणाली, "म्हणजे घरात तुम्ही, तसं डोक्यात ते. कुणी दुसऱ्यांदा तोंड उघडलं की गप्प!"

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१३ मार्च, शुक्रवार

आकडी नाही. मात्र चालताना झोकांड्या जातात. जीभ जड. वयोमान.

१५ मार्च, रविवार

"अहो, तुम्ही दोन दिसताय," ही म्हणाली. "एकाला निभावता निभावता जन्म गेला माझा!"

सूनबाई डॉक्टरांना फोन लावू लागल्या. मी नको म्हटले. आठवडाभर आकडी नाही, म्हणजे औषध लागू पडले आहे.

१६ मार्च, सोमवार

न्हाणीघराच्या दारात पडली. डोक्याला मार. रुग्णालय. शुद्ध नाही.

१७ मार्च, मंगळवार

रक्तात औषध हवे त्याच्या दुपटीहून अधिक! तेथील डॉक्टर म्हणाले, "यकृत ठराविक प्रमाणातच औषध निस्तरू शकतं. त्यापुढे थोडं जरी जास्त गेलं, तरी ते साठत जातं."

चिरंजीव सर्वांदेखत सूनबाईंवर ओरडले — "बाबांचं माप चुकत नाही! तूच मागाहून पुन्हा पाजलं असशील!"

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला माझ्या मापाची खात्री होती. गप्प राहिलो.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी उरलेले औषध घेऊन दुकानात गेलो. अधिक तीव्र औषध विकले, याचा जाब विचारायचा होता. काउंटरवरच्या बाईंनी बाटली उजेडात धरली. तळाशी दाट गाळ.

"आजोबा, हलवून देत होता ना? हे खाली बसतं. वरवरचं सगळं पातळ, पाणीच म्हणा. शेवटी शेवटी नुसतं औषध."

म्हटले, "हलवले की फेस येतो."

"मग दोन मिनिटं थांबायचं की! फेस बसतो."

२३ मार्च, सोमवार

मागील नोंदींच्या दुरुस्त्या. आज चिरंजीवांना आणि सूनबाईंना समोर बसवून मोठ्याने वाचल्या.

६ व ८ मार्च — आकड्या. दोष सूनबाईंचा नव्हे. वरचे पाणी मी पाजले.

१३ मार्च — 'वयोमान' खोडावे. गाळ मी पाजू लागलो होतो.

१५ मार्च — सूनबाई फोन लावीत होत्या. मी अडवले.

१७ मार्च — 'माप माझ्या हाती होते, सूनबाईंनी बाटलीला हातही लावला नाही', हे मला ठाऊक होते. बोललो नाही.

१९ मार्च — ही गेली. चिरंजीव 'तीनच्या सुमारास' म्हणतात. मी दुकानात होतो. जवळ सूनबाई होत्या. त्या 'अडीच' म्हणतात.

अडीच.