धड डोळ्यावर पट्टी

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी भाची भिंगरी खुशाल आहे, मी मात्र नाही. तिचा डावा डोळा आळशी निघाला हे तुला कळवलंच होतं. उजवा सगळं बघतो, म्हणून हा नुसता बसून खातो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रोज काही तास चांगला डोळा झाका, म्हणजे डावा झक मारत कामाला लागेल. उन्हाळ्यापासून मी रोज सकाळी तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवून शिवणकारखान्यात गेले. ती रडायची, दाराला धडकायची. मी काळजावर दगड ठेवून जिना उतरायचे. आणि परवाच्या तपासणीत डोळा होता तिथेच! बाईंनी मलाच झापलं, पट्टी लावतच नसाल म्हणून. वर म्हणाल्या, पोर सहा पुरी करून सातव्यात आहे; जसजशी मोठी होईल तसतसा हा डोळा दाद देईनासा होईल.

काल कारखान्यातली वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. भिंगरी खिडकीशी बसून आरामात चित्र रंगवत होती. पट्टी डाव्या डोळ्यावर! माझी पाठ वळली की वन्संच ती बदलायच्या. जाब विचारला, तर हातातला रफू न थांबवता म्हणाल्या की आजारी माणसाला निजवतात, कामाला जुंपत नाहीत, एवढंही तुला कळू नये?

ताई, पोरीचे महिने गेले. ते मी वन्संकडून वसूल करणार. या नाही, पुढच्या रविवारी सगळं घर जेवायला जमतंय. सगळ्यांदेखत त्यांच्या उजव्या डोळ्यावर तीच पट्टी लावीन आणि सुई ओवायला देईन. गावभर मिरवतात ना रफूचा हात! तो हात हवेत चाचपडताना मला पोटभर बघायचाय.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
धाकटी

दि. १५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग मीही दात खाल्ले. सूड घे, माझी ना नाही. मी काही क्षमेची प्रवचनं देणाऱ्यांतली नव्हे. ज्यांचं काही गेलेलं नसतं, त्यांनाच क्षमा स्वस्त वाटते. पण लहानपणी तू मला चावायचीस, तेव्हाही अंधारात दुसऱ्याचाच हात धरायचीस, आठवतंय ना? म्हणून विचारते, या वेळी तरी दात योग्य माणसाला लागतायत का? कापडाचा धागा न् धागा ओळखणारी बाई डावं-उजवं चुकत नाही. डोळा निजवला की बरा होतो, हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं? ते आधी शोध. आणि तोवर पोरीला शेजारी ठेव, पण पट्टी चुकवू नकोस.

मी रागावले तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई

दि. २४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर आलं आणि मी ते मानलं नाही. रविवारी जेवणं उरकल्यावर मी वन्संसमोर पट्टी धरली. वन्सं नको म्हणणार होत्या, पण भिंगरीने टाळ्या पिटत त्यांच्या मांडीवर चढून स्वतःच चिकटवली, आणि तिचा तो आनंद मोडणं त्यांना जमलं नाही. हातात सुई-दोरा दिला. दोरा सुईच्या वीतभर लांबून गेला. सगळे हसले, मी सर्वांत मोठ्यानं. मग भिंगरीने दोन बोटं नाचवून किती ते विचारलं. वन्संनी चार सांगितली. मी समोर उभी राहिले, तर मला त्या थोरल्या जाऊबाई समजल्या. ताई, हसू तिथेच विरलं. त्यांचाही डावा डोळा आळशीच, जन्मापासून. घरात कुणालाही पत्ता नाही.

एकाला होता. मामंजी पाणी प्यायला म्हणून उठले, त्यांना मी दारात अडवलं. मग निघालं सगळं. वन्सं लहान असताना शाळेत डोळे तपासणाऱ्याने हेडमास्तर मामंजींना पट्टीबद्दल बजावलं होतं. पण हेडमास्तरांची मुलगी पट्टी लावून फिरली तर लोक एकाक्षी म्हणतील, स्थळं येणार नाहीत! म्हणून मामंजींनी तिला समजावलं की डोळा थकलाय, त्याला निजव, आपोआप बरा होईल. ती बिचारी वर्षानुवर्षं अभ्यासालाही तो डोळा मिटून बसली. स्थळं तरीही आली नाहीत. जे औषध बापानं दिलं, तेच तिने मायेनं माझ्या पोरीला दिलं.

मामंजी संध्याकाळीच थोरल्या दिरांकडे निघून गेले. वन्सं त्या दिवसापासून कुणाशी बोलत नाहीत. फक्त सकाळी भिंगरीला उजव्या डोळ्यावर पट्टी लावतात. तो मान मी त्यांना दिलाय. शिक्षा म्हण हवं तर. माझा राग निवलेला नाही, नुसतं घर बदललंय त्यानं.

तुझी न ऐकणारी,
धाकटी

दि. १७ जानेवारी

ती. बाबांस,
नमस्कार. साष्टांग घालायला मन वळत नाही.

सत्कारासाठी तुमचा काळा कोट रफूला पाठवलात. छातीवरचं कसरीनं खाल्लेलं भोक बुजवलं आहे, लाल दोऱ्यानं. आजवर तुमची सगळी भोकं मी अशी बुजवली की कुणाला दिसू नयेत. हे दिसेल. व्यासपीठावर कुणी विचारलं तर सांगा, मुलीचा एक डोळा अधू आहे, तिला रंग कळला नाही. खोटं बोलायची तुम्हाला सवय आहेच.

डॉक्टरीणबाईंना मी माझाही डोळा दाखवला. या वयाला आता फारशी आशा धरू नका, म्हणाल्या. भिंगरीने मात्र काल डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी वाचल्या. अजून पुष्कळ बाकी आहे. पट्टी लावताना ती मला ओरबाडते, दुष्ट आत्या म्हणते, परवा तर मनगटाला कडकडून चावली. मी तिला घट्ट धरते आणि लावते.

तुम्ही मला लहानपणी एकदाही रडवलं नाहीत, बाबा. त्याची माफी मागायला येऊ नका. मिळणार नाही.

तुमची मुलगी