टेंभुरदऱ्याला पर्यटक मिळेना

मु. टेंभुरदरा, ता. औंढा नागनाथ

माझे एकुलते एक मेहुणे विजयकुमारराव यांस विश्वंभरचा भरपेट नमस्कार. इकडे म्हशीसकट सगळे ठणठणीत. तुमच्या पित्ताला पुण्याचं पाणी आता मानवलं असेल, अशी आशा आहे.

तर कळवायचं म्हणजे, आपल्या गावची जुनी बारव सरकारनं उपसून दिली. पायऱ्या मोकळ्या झाल्या, दिवे लागले आणि शिरड शहापूरच्या फाट्यावर बाण काढलेली निळी पाटीसुद्धा आली. (बाण आधी सटवाजीच्या गोठ्याकडे होता. दोन दिवस लोक त्याचे बैल बघून समाधानानं परत गेले.) औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन माणूस मुक्कामाला इकडे वळावा, म्हणून मीही शेताच्या कडेला संडास-बाथरूमसह दोन खोल्या बांधल्या. आता राहिला तो फाट्यापासूनचा दोन किलोमीटरचा रस्ता. त्याला पर्यटनवाल्या साहेबांनी अट घातली की, श्रावणापासून दिवाळीपर्यंत पन्नास पर्यटक मुक्कामाला आल्याचं वहीत दिसलं तरच डांबर पडेल.

पर्यटक आले हो, पण तुमची बहीण तुम्हाला ठाऊकच आहे. शालू आधी पाणी देते, मग गाव विचारते. गावावरून आडनाव, आडनावावरून मामाचं गाव, आणि चहा गाळून होईपर्यंत समोरचा माणूस तिच्या मावसजावेचा भाचा निघतो. मग कसलं भाडं घेता? उलट बाईमाणसाची ओटी भरून पाठवणी. मी एकदा हळूच विषय काढला, तर म्हणाली, "घरी आलेल्या मान्साकून पैसे घेत्यात व्हय? काहून असं बोलून राहिले तुमी?" वही तिनं आमच्या वैष्णवीकडून लिहून घेतली. लेकीनं येण्याच्या कारणापुढे सगळीकडे 'भेटायला' लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात नाती.

परवा साहेब तपासणीला आले. बासष्ट नावं वाचून म्हणाले, यात पर्यटक एकही नाही, ही सगळी सोयरीक आहे. मी हात जोडणार, तेवढ्यात शालूनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गाव विचारलं. सेनगावचे निघाले. धपाटे खाऊन होईपर्यंत त्यांची सासू शालूच्या आत्याची नणंद ठरली. आता ते म्हणतात, सोयऱ्याच्या गावाला रस्ता दिला अशी बोंब होईल, दिवाळीनंतर दुसरा माणूस पाठवतो. (कोण, ते सांगत नाहीत. शालूला कळू नये म्हणून.) तरी मी काही खचलो नाही. एवढ्या खड्ड्यांतून बासष्ट माणसं आपली बारव बघायला आली, याचा मला फार आनंद आहे. रस्ता होणार.

तुमचाच,
विश्वंभर

ता. क. वहीत एखादा तरी निखळ पर्यटक हवा. तुमच्या ऑफिसात कुणी बंगाली, तमिळ मंडळी असतील तर दिवाळीत पाठवा. त्यांच्याशी नातं काढायला शालूला जरा वेळ लागेल.

ता. क. २ पत्र शालूला वाचून दाखवलं. आधी हसली. आता म्हणते, पुढचं माझ्या शब्दांत लिहा: "दुसऱ्याला काहून बलावता? माझ्या भावाला, इजूलाच बलवा. रस्ता खराब हाय म्हणून चार साल झाले, आला न्हाई. पर्यटक म्हणून त्याचंच नाव लिवू. मी त्याला गाव न्हाई इचारणार."