‘व्हय सर’चा बंदोबस्त

८ सप्टेंबर २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प दोन. एक, लॅबमधल्या पोरांवर ओरडायचं नाही. दोन, क्रांतीचं ‘व्हय सर’ बंद करायचं.

क्रांती कुंडलची. एम.टेक. करून आता माझ्याकडे प्रोजेक्टवर. हळद घालून पापुद्र्याइतकी पातळ फिल्म केलीय तिने, न भरणाऱ्या जखमेवर लावायला. कल्पना तशी माझीच. (मी नुसतं ‘हळद’ म्हणालो होतो. पण म्हणालो होतो.) आता पुण्याला मोठ्या संस्थेत पीएच.डी.ची मुलाखत. तिथे ‘व्हय सर’ म्हणाली तर सांगलीत माझं नाक कापलं जाईल. ‘येस सर’ म्हणायचं, असं बजावलं. ती म्हणाली, “व्हय सर.”

१८ सप्टेंबर, गुरुवार
क्रांतीचा एकवीस दिवसांचा प्रयोग सुरू. फिल्मवर कातडीच्या पेशी, प्लेट्स इनक्युबेटरमध्ये, सदतीस अंश. नऊ ऑक्टोबरला निकाल, दहाला पुण्याला पाठवायचा. शेवटची तारीख तीच. निकाल नाही तर मुलाखत नाही.

इनक्युबेटरवर मी स्वतः नियम चिकटवला: हातमोजे सक्तीचे, आणि दार उघडेल त्याने रजिस्टरमध्ये वेळ, नाव, कारण लिहावं. नियम विद्यार्थ्यांसाठी. मार्गदर्शक सह्या करत बसला तर मार्गदर्शन कधी करायचं?

‘येस सर’ची प्रगती: शून्य.

२४ सप्टेंबर
क्रांतीची आई आली. आक्काताई. शुगर आहे, पायाची जखम आठ महिने भरत नाही. पोरीची सगळी धडपड त्या पायासाठी. शेंगदाण्याची चटणी दिली. म्हणाल्या, “आवं सर, पोरगी तुमच्या पदरात घातलीया.” मी म्हणालो, काळजी सोडा. अगदी मनापासून म्हणालो. मी संसार केला नाही, हीच माझी पोरं.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी, सुट्टी
वडील फौजेत होते. आमच्या पाटणच्या घरी या दिवशी बंदूक पुजत. मी इनक्युबेटर पुजतो. लॅबचा शिपाई दादासो म्हणाला, “सर, भायरनंच करा की.” पण पूजा काय उंबऱ्याबाहेरून करायची? दार उघडलं. आतल्या काचेला हळदकुंकू लावलं, क्रांतीच्या प्लेट्सशेजारी झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडून म्हणालो, पोरीला यश दे. पाच मिनिटांनी फूल काढून घेतलं. मी काही अडाणी नाही.

मागे क्रांती उभी होती. पेशींचं खाद्य बदलायला आलेली. एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

६ ऑक्टोबर, सोमवार
सगळ्या प्लेट्समध्ये बुरशी. काळी, केसाळ. अठरा दिवस पाण्यात.

संकल्प एक मोडला. फार ओरडलो. मग रीतसर चौकशी. हळदीचा प्रश्नच नाही, हळद जंतुनाशक. आमचा सगळा प्रकल्पच त्यावर उभा आहे. रजिस्टर तीन तारखेपासून तपासलं, एक-दोनला सुट्टीच होती. तीनपासून नाव एकच: क्रांती. मिलिंद, आमचा ज्युनिअर, “सर, खंडेनवमीला…” म्हणून काही सांगायला लागला, तर क्रांतीने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्पच झाला. सुट्टीतल्या गप्पा चौकशीत कशाला?

तिला विचारलं, चूक तुझी? ती म्हणाली, “व्हय सर.” लेखी घेतलं. यातून शिकेल.

१० ऑक्टोबर
पुण्याला काही गेलं नाही. क्रांती दिवसभर टेबलं पुसत होती. पुसलेलीच परत पुसत होती. म्हणालो, पुढच्या वर्षी बघू, नाहीतर माझ्याकडेच पीएच.डी. कर. ती नुसती हसली. होकार समजायला हरकत नाही.

२७ ऑक्टोबर
दिवाळी संपली, क्रांती आलीच नाही. मिलिंद सांगतो, पुण्यात बँडेजच्या कारखान्यात लागली. आईच्या औषधपाण्यासाठी. मला न भेटता? दादासो म्हणाला, “आलती की सर. तुमी मीटिंगला हुता. तुमचा कप धुऊन ठिवला आन गेली.”

असे कृतघ्न विद्यार्थी मी पाहिले नाहीत. कप मात्र स्वच्छ होता.

१० नोव्हेंबर, सोमवार
नवी मुलं येणार म्हणून इनक्युबेटर स्वतः पुसायला घेतला. मागच्या फटीत झेंडूची एक पाकळी. तिच्यावर बुरशी. काळी, केसाळ.

मग रजिस्टर काढलं. एक ऑक्टोबर. क्रांतीचं अक्षर: ‘स. १०.१५. सर. पूजा.’

मी लिहिलं नव्हतं म्हणून तिने लिहिलं होतं. नियम माझाच होता. ती ओळ महिनाभर टेबलावर पडून होती, आणि तिने एकदाही माझ्यापुढे ते पान उघडलं नाही.

दार लावून रडलो. तिची लेखी कबुली फायलीतून काढून फाडली. फाडून काय होतंय आता.

११ नोव्हेंबर
फोन केला. बोलायचे मुद्दे कागदावर काढले होते, तीन. आधी आईच्या पायाचं विचारलं. म्हणाली, दोन बोटं काढावी लागली. हातातला कागद मला वाचता येईना.

एवढंच विचारलं, क्रांती, तुला तेव्हापासून माहीत होतं?

ती म्हणाली, “येस सर.”

उच्चार अगदी स्वच्छ होता.