धोक्याची पाटी

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोबाइलला बोलायचं, तो टाइप करतो. हाताने लिहिता येत नाही असं नाही. दिवसभर पाट्या रंगवून बोटं दुखतात, म्हणून. दर रविवारी सगळं वाचून आत्मपरीक्षण करायचं. ठरलं.

४ फेब्रुवारी
मुलीच्या बाईंनी शाळेत बोलावलं. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण तिसरीत आली तरी अक्षरांची गल्लत करते, तज्ज्ञांकडून तपासून घेऊ. फॉर्म दिला. वीस तारखेपर्यंत द्यायचा, नाहीतर थेट पुढच्या वर्षी. मी फॉर्म नीट पाहिला, मान हलवली, घडी घालून खिशात ठेवला. चष्मा घरी राहिला होता.
पोरीला काही झालेलं नाही. तिसरीत मीही असाच होतो. वडील म्हणायचे, घोका. छडी घेऊन म्हणायचे. मी घोकलं. काय अडलंय माझं?

५ फेब्रुवारी
संकल्प: रोज अर्धा तास मुलीला मीच शिकवणार. फॉर्मची गरज नाही.

६ फेब्रुवारी
पाहुणे आले. उद्यापासून.

८ फेब्रुवारी, रविवार
रोजनिशी वाचायची होती. चष्मा सापडेना. चष्मेवाला म्हणाला होता, नंबर शून्य आहे, डोळे ठणठणीत. तरी मी हट्टाने करून घेतला. त्याला काय कळतंय.

९ फेब्रुवारी
अर्धा तास शिकवलं. बारा मिनिटं. मुलीने एक शब्द 'धर' वाचला. मी शाबास म्हटलं. बायको आतून येऊन बघून म्हणाली, घर. मी म्हटलं, तेच म्हणतोय.
बायकोला सगळं मोठ्याने वाचायची खोड आहे. पत्रं, औषधाच्या बाटल्या, टीव्हीवरच्या पट्ट्या. सतरा वर्षं ऐकतोय. मी कधी बोलून दाखवलं नाही. सांभाळून घ्यायचं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मालक बाहेरगावी. एरवी ते मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून देतात, मी हुबेहूब उतरवतो. माझ्यासारखं वळण कोणाचं नाही. आज फोनवर सांगितलं: रस्त्यातल्या खड्ड्यापाशी लावायची पाटी, लाल रंग, एकच शब्द, धोका. एका शब्दाला कागद कशाला? फर्स्टक्लास झाली.

१६ फेब्रुवारी
पाटी परत आली. मालक म्हणाले, 'ध'च्या जागी 'घ' काढलाय. खड्ड्याच्या तोंडाशी 'घोका'. मजूर दोन दिवस हसत होते म्हणे. एक जण तर तिथे उभा राहून पाढे म्हणत होता.
रंग ओघळला असेल, मी म्हटलं. मालक हसले नाहीत. "कधीपासून?" एवढंच विचारलं.
"गुरुवारपासून," मी म्हटलं.
त्यांनी पाटी उचलून माझ्या हातात दिली. मला काही वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
शिकवणी सध्या बंद. कामाचा ताण.
पाटी दुरुस्तीला घरी आणली. भिंतीला टेकवून समोर बसलो. कुठे चुकलंय ते पाहत होतो. उजेड कमी होता. दिवा लावला. तरी कमीच.
मुलगी आली. म्हटलं, वाच. तिने अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, धोका. मग म्हणाली, "बाबा, बरोबर तर आहे."
आधी बरं वाटलं. मग बायको दिसली. दारात उभी होती. पाटीकडे बघत होती, पण मोठ्याने वाचत नव्हती. लाज वाटायला हवी होती. मी उठून पाटी उलटी फिरवून ठेवली.

२० फेब्रुवारी, सकाळी ७.४०
बायकोने माझ्या शर्टाच्या खिशातून फॉर्म काढला. एकेक प्रश्न मोठ्याने वाचत भरला. नाव, वय, इयत्ता. शेवटून दुसऱ्या प्रश्नाशी थांबली. घरात आणखी कोणाला अशी अडचण आहे का?
मुलगी दाराशी बुटाची नाडी बांधत होती.
"अहो, काय लिहू?"
मी म्हटलं, "वडील."
तिने लिहिलं. मी त्या शब्दाकडे पाहिलं. चष्मा नाकावरच होता. 'वडील'च लिहिलं असणार.
खाली मी सही केली.